प्रोबसची शिरस्त्राण-भाला-ढालवाली नाणी: सुरुवात कुठून करावी?

कुलाबा_कलेक्टर

नमस्कार मंडळी,

माझा संग्रह शिवराई आणि सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांचा आहे. आता रोमनमध्ये शिरायचंय, पण ‘प्रत्येक सम्राटाचं एकेक’ अशा पद्धतीने नाही. फक्त लष्करी वेशातली मुखचित्रं हवीत: शिरस्त्राण, चिलखत, खांद्यावर भाला, हातात ढाल. जिथे तिथे प्रोबस या रोमन सम्राटाचं नाव वाचायला मिळतं. तोच धरावा की दुसरा कुणी? कुठल्या टांकसाळीची नाणी बघावीत? पहिल्या चार-पाच नाण्यांसाठी चाळीस-पन्नास हजार बाजूला काढलेत, तेवढ्यात भागेल का?

फोर्टात एका विक्रेत्याकडे एक प्रोबस दिसला. २० मिमी, २.९ ग्रॅम, संपूर्ण पांढरा चकचकीत. ‘सोपाऱ्याला सापडलेलं’ म्हणतो. घ्यावं का?

आणि घर समुद्रासमोर आहे. खाऱ्या हवेत ही नाणी टिकतील का?

टांकसाळकर

प्रोबस धरलात ते बरोबर केलंत. त्याची कारकीर्द इ.स. २७६ ते २८२, जेमतेम सहा वर्षांची. पण तेवढ्यात त्याच्या टांकसाळींनी मुखचित्रांचे इतके प्रकार पाडले की निव्वळ त्यांच्यावर अख्खा संग्रह उभा राहतो. शिवाय नाणी भरपूर उरली आहेत, म्हणून खिशाला झेपतात.

आधी नाणं समजून घ्या. कॅराकल्लाने २१५ साली किरणांचा मुकुट घातलेल्या डोक्याचं दुहेरी किमतीचं चांदीचं नाणं काढलं. त्याला आज आपण अँटोनिनिआनुस म्हणतो. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत त्यातली चांदी आटत गेली आणि हातात तांब्याचा तुकडा उरला. ऑरेलियनने २७४ मध्ये ते सावरलं. तेव्हापासून मागच्या बाजूला तळाशी ‘एक्सएक्सआय’ हे आकडे दिसू लागतात, पूर्वेकडच्या काही टांकसाळींत त्याऐवजी ग्रीक कप्पा-आल्फा. वीस भाग तांबं, एक भाग चांदी असा त्याचा अर्थ सहसा लावतात, आणि धातूच्या तपासणीतही साधारण पाच टक्केच चांदी निघते. वरून चांदीचा अगदी पातळ मुलामा. प्रोबसचं नाणं याच जातीचं: व्यास २१ ते २३ मिमी, वजन सरासरी पावणेचार ते चार ग्रॅम.

आता टांकसाळी. तुम्हाला हवी असलेली मुखचित्रं मुख्यतः सिस्किया (आजचं क्रोएशियातलं सिसाक) आणि सेर्डिका (आजची सोफिया) इथली. त्यातही आधी सिस्किया, कारण माल मुबलक आणि विविधता सर्वात जास्त. रोम, टिकिनुम (पाविया) आणि लुग्दुनुम (ल्याँ) इथेही शिरस्त्राणवाली मिळतात. अँटिओक आणि ट्रिपोलिसच्या नादी लागू नका. तिथे जवळजवळ सगळी उजवीकडे बघणारी, झगा-चिलखताची एकसुरी चित्रं आहेत.

नवख्यांचा एक घोटाळा हमखास होतो. डावीकडे बघणारा, भरजरी झगा ल्यालेला आणि हातात गरुडाच्या टोकाचा दंड घेतलेला प्रोबस लष्करी समजून घेतला जातो. तो कॉन्सलचा, म्हणजे रोमच्या सर्वोच्च नागरी पदाधिकाऱ्याचा, समारंभी वेश आहे. चित्र सुंदर असतं, पण तुमच्या विषयात बसत नाही, आणि शिरस्त्राणवाल्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडतं. वर्णनात ‘डावीकडे मुखचित्र’ एवढंच लिहिलेलं असेल तर फोटो बघितल्याशिवाय बोली लावू नका.

खरा लष्करी प्रकार असा असतो: डोक्यावर शिरस्त्राण आणि त्यावरच किरणमुकुट, अंगात चिलखत, खांद्यावर टेकवलेला भाला, पुढ्यात ढाल. भोवतीच्या लेखात बऱ्याचदा सम्राटाचं नेहमीचं नाव-बिरुद नसून ‘विर्तुस प्रोबी ऑग’ असतं, म्हणजे प्रोबसचं शौर्य. चांगल्या नाण्याची ढाल दहापटीच्या भिंगाखाली धरा. तांदळाच्या दाण्याहून थोड्याच मोठ्या जागेत एक घोडेस्वार खाली पडलेल्या शत्रूवर घोडा घालतोय, घोड्याचे पुढचे पाय वर उचललेले. काही ढालींवर मेडुसाचं तोंड असतं, काहींवर नुसते ठिपके आणि वर्तुळं. खांद्यावर चिलखताखालच्या चामडी पट्ट्या एकेक सुट्या मोजता येतात. पैसे मोजायचे ते या बारकाव्यांसाठी.

म्हणून निवडताना नाण्याचा एकूण ‘ग्रेड’ नंतर बघा. आधी तीन जागा तपासा: शिरस्त्राण आणि किरणं जिथे मिळतात ती रेघ, डोळा-नाक, आणि ढालीची वरची कड. या तिन्ही ठसठशीत असतील तर मागची बाजू थोडी पुसट चालेल. ती तशी असण्याला कारणही आहे. पुढच्या ठशात इतकं खोल कोरलेलं असतं की ठोकताना धातू तिकडे ओढला जातो आणि नेमका त्याच्या पाठीमागचा भाग सपाट राहतो. दुसरी अडचण फ्लॅनची, म्हणजे ठसा मारायच्या कोऱ्या चकतीची. ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे भाल्याचं टोक किंवा ढालीचा तळ कडेबाहेर जातो. भाल्याचं टोक गेलं तर सोडून द्या, बिघडत नाही. ढाल अर्धी कापली गेली असेल तर घेऊ नका.

कॅटलॉग म्हणून आरआयसीच्या (‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’) पाचव्या खंडाचा दुसरा भाग लागेल. तो १९३३ चा आहे. त्यात मुखचित्रांना एकेक अक्षर दिलंय आणि ढालीवरच्या चित्राची स्वतंत्र दखल सहसा नाही. परिणाम असा की एकाच क्रमांकाखाली तीन वेगळ्या ढालींची नाणी विकली जातात. ‘कॅटलॉगमध्ये नाही’ असं सांगून जास्त पैसे मागणारे याच फटीचा फायदा घेतात. आपल्या नोंदवहीत टांकसाळ, कार्यशाळेचं अक्षर, पुढचा लेख, शिरस्त्राण, ढालीवरचं चित्र आणि वजन असे रकाने आधीच आखून ठेवा.

दादरचा_दिनार

पैशांचं मी सांगतो. परदेशी लिलावांत साधा उजवीकडे बघणारा प्रोबस ३०-५० युरोत मिळतो. शिरस्त्राण-भाला-ढाल, बरी अवस्था, थोडा मुलामा शिल्लक, असं हवं असेल तर ७० ते १५० धरा. ढालीवर घोडेस्वार स्पष्ट असेल तर त्याच्याही वर. हातोडा पडलेल्या किमतीवर लिलावगृहाचं वीसेक टक्के कमिशन, मग टपाल, मग इथे कस्टम ड्यूटी आणि आयजीएसटी. त्यामुळे एकेक नाणं मागवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. एकाच लिलावातून तीन-चार घ्या आणि एकत्र पाठवायला सांगा.

पार्सलवर खरी किंमत लिहायला लावा. ‘भेट’ वगैरे लिहून येणारं पार्सल अडकतं आणि मग खुलासे देत बसावं लागतं. कस्टमचं वर्गीकरण ९७०५.३१, म्हणजे शंभर वर्षांहून जुनी नाणकशास्त्रीय वस्तू. बिलावर सम्राट, टांकसाळ, वजन आणि आधीच्या संग्रहाचा उल्लेख असला पाहिजे. केवायसीची कागदपत्रं तयार ठेवा.

आता महत्त्वाचं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे ‘पसंत न पडल्यास परत’ ही परदेशी डीलरची हमी आपल्या बाबतीत कागदावरच. गंमत अशी की नाणं नकली निघालं तर ते पुरावशेष नाही, पाठवता येतं. पण तसं प्रमाणपत्र पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आणावं लागतं. त्यांचं मुंबई मंडळाचं ऑफिस सायन किल्ल्यावर आहे. तेव्हा सगळी शंका पैसे भरायच्या आधी फेडून घ्या: दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, वजन दोन दशांशांपर्यंत.

इथल्याच डीलरकडून घेणार असाल तर पुरावशेष विक्रीचा परवाना आणि पक्कं बिल मागा. कफ परेडला भरणाऱ्या कॉइन शोमध्ये अधूनमधून रोमन टेबलं असतात. हातात घेऊन बघायला ती जागा बरी, भाव मात्र लिलावाच्या दीडपट धरून चला.

टांकसाळकर

फोर्टातल्या नाण्याबद्दल लिहायचं राहिलं.

२.९ ग्रॅम हलकं आहे, पण नुसत्या वजनावरून नकली म्हणू नका. अस्सलांतही कमी वजनाची असतात. २० मिमी आणि २.९ एकत्र आलं की मात्र भिंग काढायचं. ओतीव नकली नाण्यात अक्षरांच्या मुळाशी कड गोलसर, मऊ दिसते. ठोकलेल्या नाण्यात अक्षराची भिंत सरळ उभी राहते. सपाट भागात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतील तर ते साच्यातले बुडबुडे. कडेवर चहूबाजूंनी एक बारीक रेघ, किंवा ती लपवायला कानस मारल्याच्या आडव्या खुणा दिसल्या की विषय संपला.

त्याहून मोठी शंका पांढऱ्या रंगाची. मूळ मुलामा पहिल्यांदा उंच जागांवरून जातो: गाल, शिरस्त्राणाचा फुगवटा, ढालीचा मध्य. तो उरतो अक्षरांच्या आडोशाला आणि किरणांच्या मधे, तोही करडा झालेला. झिजलेला गाल आणि कड दोन्ही सारखे पांढरे असतील तर चांदी हल्ली चढवलेली आहे. नाणं अस्सल असू शकेल, पण मुलाम्याचे पैसे द्यायचे नाहीत.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा आणि नेमका आपल्याच विषयात चालतो. अस्सल पण झिजलेल्या नाण्यावर ढालीचं चित्र, चिलखताचे खवले, शिरस्त्राणाची नक्षी नव्याने कोरतात. ओळखायची खूण म्हणजे विसंगती. लेखातली अक्षरं दमलेली आणि घोडेस्वार मात्र ताजातवाना, असं झिजेला जमत नाही. कोरलेल्या रेघेचा तळ भिंगाखाली इंग्रजी ‘व्ही’सारखा टोकदार दिसतो, ठोकलेल्या रेघेचा गोल. कोरलेलं लपवायला वरून रंगीत पॅटिना (जुन्या धातूवर काळाने चढणारा थर) फासतात. शुद्ध अॅसिटोनमध्ये कापसाचा बोळा बुडवून कडेला हलका फिरवा. खरा पॅटिना ढिम्म हलत नाही, रंग बोळ्याला लागतो. नेलपेंट रिमूव्हर वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध असतो. विक्रेता ही तपासणी करू देत नसेल तर तेही उत्तरच आहे.

भिंग ऑपेरा हाउसच्या हिरे बाजारातलं तीन काचांचं १०एक्स घ्या. त्याच्या कडेला रंगांची झालर दिसत नाही. खेळण्यातल्या भिंगात ढालीचा घोडा कुत्रा वाटतो.

आणि ‘सोपाऱ्याला सापडलं’. सोपारा, कल्याण, चौल ही नावं रोमन व्यापाराशी जोडलेली आहेत, म्हणून ही कथा खपते. पण भारतात सापडणारं रोमन चांदीचं नाणं प्रामुख्याने ऑगस्टस आणि टायबेरियस यांचं, तेही बहुतेक दक्षिणेत. चौथ्या-पाचव्या शतकातली बारीक तांब्याची नाणी तमिळनाडूत मिळतात. तिसऱ्या शतकातला प्रोबस इथल्या मातीत निघणं फार दुर्मीळ. कथा खोटी असेल तर विक्रेत्याच्या बाकीच्या शब्दांनाही तीच किंमत. आणि खरी असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या कुठल्याही सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. दोन्ही बाजूंनी हात लावण्यासारखं नाही.

उपनगरी

स्वस्तातला मार्ग सुचवतो. न साफ केलेल्या नाण्यांचे लॉट घ्या आणि सहा व्होल्टचा अडॅप्टर, मिठाचं पाणी, स्टीलचा चमचा लावून इलेक्ट्रोलिसिस करा. अर्ध्या तासात माती निघते.

रसायनशाळा

उपनगरी, मातीबरोबर पॅटिना आणि मुलामाही जातो, आणि खाली गुलाबी खड्ड्यांचं तांबं उरतं. मिठाचं पाणी तर सर्वात वाईट. ब्राँझ डिसीज, म्हणजे तांब्याला आतून खाणारा हिरवा रोग, होतो तोच मुळी क्लोराइडमुळे, आणि तुम्ही ते विजेच्या जोरावर नाण्याच्या अंगाशी नेऊन ठेवताय. चिंच, लिंबू, पितांबरी हेही याच यादीत. देवाची भांडी उजळतात कारण तिथे वरचा थर काढायचाच असतो. इथे वरच्या थरातच सगळी ढाल आहे. आणि त्या लॉटमध्ये शिरस्त्राणवाला प्रोबस राहत नाही, तो आधीच वेचून काढलेला असतो.

माती काढायची तर डिस्टिल्ड वॉटर, आठवड्याला बदलत, आणि बांबूची टूथपिक. वेळ लागतो, तो द्यायचा.

आता कुलाब्याच्या खाऱ्या, दमट हवेचं. तांब्याच्या खड्ड्यात अडकलेला क्युप्रस क्लोराइड हवेतल्या ओलाव्याने आणि प्राणवायूने जागा होतो, फिकट हिरवी भुकटी तयार होते आणि त्या प्रक्रियेतून निघालेलं आम्ल आणखी तांबं खातं. सापेक्ष आर्द्रता चाळीस-बेचाळीस टक्क्यांखाली ठेवली तर तो झोपून राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत ती ऐंशीच्या वर असते, म्हणून उघड्या ट्रेचा शौक विसरा.

घट्ट झाकणाचा, रबरी कडेचा पॉलिप्रॉपिलीनचा दोन लिटरचा डबा घ्या. आत शंभर ग्रॅम नारिंगी सिलिका जेल जाळीच्या पिशवीत, आणि एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर. जेल हिरवं पडलं की ओटीजीत ११०-१२० अंशांवर दोन तास, थंड झालं की परत. निळं जेल नको, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतो. डांबराच्या गोळ्या त्या डब्यात चुकूनही टाकू नका.

नाण्यांची पाकिटं मायलारची (पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मची) हवीत. मऊ, वास येणारी, लवचिक पाकिटं पीव्हीसीची असतात. मुंबईच्या उष्म्यात त्यांतून आम्ल आणि तेलकट प्लॅस्टिसायझर सुटतो आणि नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. परदेशी डीलरही कधी कधी त्याच पाकिटात पाठवतात. पार्सल फोडल्याबरोबर बदला. प्लायवूड किंवा एमडीएफच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका, त्यातून आम्लाची वाफ येते.

भुकटी दिसलीच तर आधी टूथपिकने टोचून बघा. घट्ट आणि गडद असेल तर पॅटिना, पिठासारखी सुटली तर रोग. नाणं वेगळं ठेवा. ते शेजारच्या नाण्याला ‘लागत’ नाही, पण एकाला झालं म्हणजे डब्यातली हवा बिघडली आहे, तेव्हा बाकीचीही तपासा.

मुलामा नसलेलं रोगट नाणं क्लोराइड काढायला पाच टक्के सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात भिजवा: एक लिटर डिस्टिल्ड वॉटरला ५० ग्रॅम. तयार मिळालं नाही तर २२ ग्रॅम खायचा सोडा आणि २८ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट. दोन्ही प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे मिळतात. धुण्याच्या सोड्याचे खडे वापरणार असाल तर त्यात पाणी बांधलेलं असतं, म्हणून २८ ऐवजी ७५ ग्रॅम लागतील. इथेच बहुतेकांचं प्रमाण चुकतं. द्रावण आठवड्याला बदला. क्लोराइड संपला का हे बघायला थोडं द्रावण वेगळं काढून आधी विरळ नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करा, मग सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. दुधाळ झालं तर अजून चालू ठेवा. आम्ल न टाकता केलं तर कार्बोनेटच पांढरा साका देतो आणि तुम्ही महिनोन्‌महिने उगाच भिजवत बसता. हातमोजे घाला, सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग दिवसेंदिवस जात नाहीत.

मुलामा असलेल्या प्रोबसला मात्र हे करू नका. कार्बोनेट तांब्याला विरघळवतो आणि त्यावर टेकलेली चांदी पापुद्र्यासारखी उठते. तिथे भिंगाखाली सुईने भुकटी काढायची, डिस्टिल्ड वॉटर, मग अॅसिटोन, नीट वाळवण आणि कोरडा डबा. बस.

शेवटचा लेप पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक रेझिनचा, अॅसिटोनमध्ये तीन टक्के. पावसाळ्यात उघड्या खिडकीशी लावलात तर अॅसिटोन उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि लेप दुधी होतो. एसी चालू असलेल्या खोलीत, नाणं आधी किंचित कोमट करून लावा. मात्र जवळ ज्योत नको. बिघडलाच तर अॅसिटोनने उतरवून परत लावता येतो, हाच त्याचा मोठा गुण.

दादरचा_दिनार

+१. प्रोबसशिवाय आणखी दोन पर्याय.

स्वस्त पर्याय कॉन्स्टंटाइन आणि त्याचा मुलगा क्रिस्पस. साधारण ३१८ ते ३२३ च्या काळातली लहान तांब्याची नाणी, १८-२० मिमी, तीन ग्रॅमच्या आसपास. कॉन्स्टंटाइनचं उंच तुऱ्याचं शिरस्त्राण बघण्यासारखं आहे, आणि ट्रीअर (आजच्या जर्मनीतलं) टांकसाळीचा भाला-ढालवाला क्रिस्पस तर कोरीवकामात प्रोबसलाही मागे टाकतो. किंमतही बहुधा कमी.

महाग पर्याय सॉलिडस, म्हणजे उत्तरकालीन रोमन साम्राज्याचं सोन्याचं नाणं. साडेचार ग्रॅम, पाऊण वळून समोर बघणारा शिरस्त्राणधारी सम्राट, डोक्यामागून डोकावणारा भाला, डाव्या खांद्याशी ढाल आणि तिच्यावर तोच घोडेस्वार. ३९५ नंतर आर्केडियसपासून पूर्वेत हे चित्र रूढ झालं आणि जस्टिनियनने ५३८ च्या सुमारास ते बदलेपर्यंत टिकलं. यातली नाणी दक्षिण भारतात खरोखर आली. हावेरी जिल्ह्यातल्या अक्की आलूरचा साठा प्रसिद्ध आहे. भारतात आलेल्या बऱ्याच सॉलिडसना दागिन्यासाठी भोकं पाडलेली असतात. सोन्याला कुलाब्याची हवा काही करत नाही, पण चाळीस हजारांत एकही चांगलं येणार नाही.

कुलाबा_कलेक्टर

सगळ्यांचे आभार. फोर्टातलं सोडलं. सिस्कियाचे दोन आणि ट्रीअरचा एक क्रिस्पस असं ठरवतोय. रसायनशाळा, डबा घरी न ठेवता बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला तर?

रसायनशाळा

चालेल, पण लॉकर बहुधा तळमजल्यावर किंवा तळघरात असतो आणि पावसाळ्यात तिथली हवा घरापेक्षाही दमट असू शकते. डबा तोच, जेल दुप्पट, झाकणाभोवती बाहेरून टेप. जून ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा जाऊन जेलची पिशवी बदलायची. दुसरी पिशवी घरी भाजून हवाबंद बाटलीत तयार ठेवायची. एसीच्या स्ट्राँगरूममधून डबा बाहेर आणलात तर लगेच उघडू नका. बाहेरच्या तापमानाला यायला तासभर द्या, नाहीतर गार नाण्यांवर दव धरेल.

तिन्ही नाण्यांचे कडेसकट फोटो आणि वजनं मात्र लॉकरमध्ये टाकायच्या आधी घेऊन ठेवा. पुढच्या वर्षी हिरवा ठिपका दिसला तर तो जुना की नवा, हे त्यावरूनच कळेल.